पुढच्या चाकाची कुळकथा

जुलैचा पाऊस पुण्यात ठाण मांडून बसला की आमची सायकल रस्त्यावरून खोलीत येते. मागचं चाक काढून सांगाडा स्मार्ट ट्रेनर नावाच्या, जागच्या जागी पायडल मारायच्या यंत्रावर बसवायचा, समोर लॅपटॉप, बाजूला टेबलफॅन, हँडलवर टॉवेल. झ्विफ्ट हे घरबसल्या सायकल चालवायचं अ‍ॅप सुरू केलं की पडद्यावर वाटोपिया नावाचं बेट उघडतं. त्या बेटावर दिवसाचे चोवीस तास काही स्वार फेऱ्या मारत असतात. त्यांना घाम येत नाही, तहान लागत नाही, ते पाणी प्यायला थांबत नाहीत. त्यांना संगणक चालवतो. त्यांचं नाव रोबोपेसर, म्हणजे पुढे राहून वेग धरून देणारे रोबो. त्यांच्या मागे मात्र जगभरातली खरी माणसं आपापल्या खोल्यांत पाय मारत असतात, आणि त्या घोळक्यात मीही एक असतो.

हे पेसर २०२० साली आले तेव्हा चौघे होते. अँकेतील, ब्रेव्हे, केडन्स आणि डिझेल. नावं शर्यतींच्या ए, बी, सी, डी या गटांवरून बेतलेली. डी. डिझेल शरीराच्या दर किलोमागे दीड वॉट शक्ती लावायचा. म्हणजे सत्तर किलोच्या माणसाच्या हिशेबात १०५ वॉट, गप्पा मारत जमण्यासारखं काम. ए. अँकेतील दर किलोमागे ४.२ वॉट लावायचा. तिथे तासभर टिकणारा माणूस गल्लीतला हौशी स्वार नव्हे. नावं देणाऱ्याला सायकलीचा इतिहास ठाऊक असावा. एका दमात, कमी-जास्त न करता तासन्‌तास ओढत राहणाऱ्या स्वाराला सायकलवाले डिझेल म्हणतात. केडन्स म्हणजे मिनिटाला पायडलचे फेरे किती, ती लय. ब्रेव्हे हा फ्रेंच शब्द, अर्थ प्रमाणपत्र. पुण्या-मुंबईचे लांब पल्ल्याचे स्वार त्याला ब्रेवे म्हणतात आणि साडेतेरा तासांत २०० किलोमीटर पुरे करून तो मिळवतात. अँकेतील हे तर एका माणसाचं आडनाव. त्याच्याकडे पुढे येतोच.

आधी वाऱ्याचं बघू, कारण पेसरचा जन्म वाऱ्यापोटी झाला. सपाट रस्त्यावर सायकलवाल्याचा खरा वैरी हवा. तिचा अडसर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि ती कापायला लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. वेग दुप्पट करायचा तर हवेपोटीच आठपट शक्ती खर्ची पडते. पुढे कुणी असला की तो हवा फोडतो आणि मागच्याला आडोसा मिळतो. २०१८ साली बर्ट ब्लॉकेन यांच्या चमूने १२१ स्वारांच्या घोळक्याचा वायुगतिकीय अभ्यास केला. दाट घोळक्याच्या पोटात, मागच्या बाजूला असलेल्या स्वाराला एकट्या स्वाराच्या तुलनेत जेमतेम ५ ते १० टक्के अडसर सोसावा लागतो, असं त्यात दिसलं.

हे आकडे हाती नव्हते तेव्हाही १८९० च्या दशकातल्या स्वारांना गोष्ट पुरती माहीत होती. त्या काळच्या ट्रॅकवरच्या मोठ्या शर्यतींत एकट्या स्वाराला भावच नव्हता. प्रत्येकापुढे दोघांची, तिघांची, चौघांची, कधी पाच जणांची एकच लांब सायकल धावायची. एक चमू थकला की धावत्या शर्यतीत दुसरा पुढे यायचा. जून १८९६ मध्ये लंडनच्या कॅटफर्ड ट्रॅकवर सिम्पसन नावाच्या कारखानदाराने आपल्या नव्या धाटणीच्या साखळीची थोरवी सिद्ध करायला सामने लावले. त्याचे स्वार जिमी मायकेल, टॉम लिंटन आणि कॉन्स्टाँ ह्युरे. त्यांना ओढायला पॅरिसहून ग्लॅडिएटर कंपनीचा पेसरांचा ताफा आणला होता. सिम्पसनची सरशी झाली, पण त्याचं श्रेय साखळीपेक्षा त्या ताफ्याला जातं. तुलूझ-लोत्रेकने याच साखळीच्या जाहिरातीसाठी काढलेलं चित्र आजही पाहायला मिळतं. ह्युरे पाठ वाकवून पायडल मारतोय आणि त्याच्या नाकासमोर पेसरांच्या सायकलीचं मागचं चाक आहे. जाहिरात साखळीची असली तरी चित्रकाराने पेसर वगळला नाही.

या पेसरला फ्रेंचमध्ये शब्द होता आंत्रेनर. मूळ क्रियापद ओढण्याचं, फरपटत नेण्याचं. त्याच कुळातून इंग्रजीचा ट्रेनर आला. घरात सायकल ज्या यंत्रावर बसवतो त्याचं नाव आणि १८९६ च्या त्या पुढच्या स्वाराचं नाव, दोन्ही एकाच घराण्यातली. आपल्याकडे पेसमेकर म्हटलं की हृदयाचं यंत्र आठवतं, पण तो शब्दही शर्यतीतूनच दवाखान्यात गेलेला आहे.

मग अमेरिकेत एका माणसाला प्रश्न पडला, आणि माझ्या लेखी या सगळ्या कुळकथेचं मर्म तिथे आहे. इंडियानाच्या नॉर्मन ट्रिप्लेटने अमेरिकी सायकल संघटनेच्या १८९७ च्या हंगामातल्या नोंदी तपासल्या. पेसरमागे धावणारे स्वार एकट्याने धावणाऱ्यांपेक्षा मैलामागे अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ वाचवत होते. का? लोकांकडे उत्तरं पुष्कळ होती आणि ट्रिप्लेटने ती एकेक करून मांडली. कुणी म्हणे पुढची सायकल मागे पोकळी करते आणि ती मागच्याला ओढून घेते. कुणी म्हणे हा वाऱ्याचा आडोसा. कुणी म्हणे सोबतीने धीर येतो. कुणी तर म्हणे फिरत्या चाकाकडे टक लावून स्वाराला मोहिनी पडते. आणखी एक मत होतं डोक्याच्या काळजीचं. पुढे असणाऱ्याला सतत घोर लागलेला असतो, वेग पुरेसा आहे का, कमी तर पडत नाही ना. त्या काळजीने मेंदू थकतो आणि मेंदूपाठोपाठ पाय. मागच्याच्या वाट्याला ही काळजी येत नाही.

ट्रिप्लेटने वारा प्रयोगातून काढूनच टाकला. मासेमारीच्या गळाची रिळं घेतली आणि ४० मुलांना ती भराभर फिरवायला लावली, कधी एकट्याने, कधी शेजारी दुसरं मूल बसवून. निम्म्या मुलांचा वेग सोबतीने वाढला, दहा मुलं गडबडून मंदावली, दहांना फारसा फरक पडला नाही. १८९८ साली छापलेला हा निबंध सामाजिक मानसशास्त्राच्या पहिल्या प्रयोगांत मोजला जातो. एका अख्ख्या ज्ञानशाखेच्या उंबऱ्यावर सायकलीचा पेसर उभा आहे, हे मला फार मोलाचं वाटतं.

पुढच्याच वर्षी वाऱ्याची बाजू कुणी सिद्ध केली असेल तर ती चार्ल्स मर्फीने. ३० जून १८९९ ला न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर त्याने आगगाडीलाच पेसर केलं. रुळांच्या मधोमध फळ्या अंथरल्या, शेवटच्या डब्याला मागून आडोशाचा खोपा बांधला आणि मर्फी त्या खोप्यात शिरला. एक मैल ५७.८ सेकंदांत. फळ्या संपत आल्या तसा इंजिनवाल्याने वेग कमी केला आणि मर्फी डब्यावर जाऊन आदळला. मागच्या चौथऱ्यावर उभ्या असलेल्या माणसांनी त्याला हात घालून सायकलीसकट वर ओढून घेतला, म्हणून तो जगला.

माणसांच्या लांब सायकली लवकरच मोडीत निघाल्या आणि पेसर मोटारसायकलवर बसला. वेग वाढला, तसे अपघातही. १८ जुलै १९०९ ला बर्लिनच्या ट्रॅकवर पेसरची मोटारसायकल प्रेक्षकांत घुसली आणि नऊ माणसं गेली. रस्त्यावरच्या शर्यतींनी वेगळी वाट धरली. १९०३ साली पहिली टूर द फ्रान्स भरवताना आँरी देग्रांजने पेसरांना बंदी केली. पेसर तगला तो काही मोजक्या ठिकाणी. जपानात १९४८ पासून चालणाऱ्या केरिन या ट्रॅकवरच्या शर्यतींमध्ये, आणि बोर्दो ते पॅरिस या साडेपाचशे किलोमीटरहून लांब शर्यतीत. तिथे उत्तरार्धात स्वारापुढे डर्नी यायची. पायडल असलेली ही छोटी मोटारसायकल १९३८ च्या सुमारास फ्रान्समध्ये निघाली. ही शर्यत १९६५ साली जाक अँकेतीलने जिंकली. पाच वेळा टूर जिंकलेला हा फ्रेंच स्वार त्या वेळी आठ दिवसांची दोफिने शर्यत जिंकून, त्याच रात्री विमानाने बोर्दोला पोचून पहाटेच्या अंधारात पुन्हा सायकलीवर बसला होता. जन्मभर घड्याळाशी एकट्याने झुंजणारा माणूस म्हणून त्याची ख्याती, तरी त्याचा सर्वांत अचाट विजय पेसरमागचा. रोबोला त्याचं नाव मिळालं, ते शोभून दिसलं.

खोलीतल्या सायकलीला संगणकाची सोबत झ्विफ्टच्या बरीच आधी मिळाली. सिएटलच्या रेसरमेट कंपनीने १९८० च्या दशकात कॉम्प्युट्रेनर काढला. पडद्यावर संगणकाचा एक स्वार पळायचा आणि त्याला गाठायला खरी सायकल मारायची. पण तिथे बहुधा दोघेच, तुम्ही आणि तो. झ्विफ्ट २०१४ साली चाचणीसाठी खुलं झालं आणि इंटरनेटवरून हजारो माणसं एकाच रस्त्यावर आली. सहा वर्षांनी त्या गर्दीच्या पुढे रोबो उभा राहिला.

आता खोलीत वारा फक्त टेबलफॅनचा. मग आडोसा कसला? तो संगणक गणितातून देतो. तुम्ही कुणाच्या मागे आलात की तेवढ्याच वॉटमध्ये पडद्यावरचा वेग चढतो. पायाखालचा जोर हलका झाल्यासारखं काही वाटत नाही. खूण दिसते ती पडद्यावरच्या आपल्या बाहुल्यात: आडोशात असला की तो पाठ सरळ करून आरामात बसतो, आडोसा सुटला की वाकतो. घोळका पुढे सरकला की अंतर भरून काढा अशी सूचना झळकते. त्या क्षणी पंधरा-वीस सेकंद जीव तोडून जोर लावला तर घोळक्याची शेपूट हाती लागते. नाही लावला तर दिवे दूर जाताना बघत बसायचं. मी दोन्ही केलेलं आहे.

सुरुवातीचे रोबो ठरलेले वॉट धरून ठेवत, चढ असो की उतार. त्यामुळे चढावर आडोसा निरुपयोगी होऊन घोळका फुटायचा आणि उतारावर दम खायला पाय थांबवला की माणूस मागे पडायचा. पुढे त्यांना चढावर थोडा जास्त आणि उतारावर कमी जोर लावायला शिकवलं. म्हणजे माणसं चालवतात तसं. २०२२ मध्ये पेस पार्टनर हे त्यांचं मूळ नाव जाऊन रोबोपेसर आलं. चौघांच्या जागी कोको, युमी, मिगेल, मारिया, बर्नी अशी फळी झाली. अँकेतील हे आडनाव गेलं. यादीत एक जाक मात्र आहे.

इतके पावसाळे या रोबोंच्या मागे घालवल्यावर ट्रिप्लेटच्या यादीतलं कोणतं मत खरं, याचं माझ्यापुरतं उत्तर ठरलं आहे. आडोसा महत्त्वाचा खरा, पण रोबो खऱ्या अर्थाने उतरवतो ती डोक्यावरची काळजी. किती वेगाने जायचं हा निर्णय तो घेतो. तो हल्ला करत नाही, जिंकायला बघत नाही, कुणाची परीक्षा पाहत नाही. एकट्याने ट्रेनरवर तिसाव्या मिनिटाला उतरणारा मी त्याच्या मागे दीड तास बसतो. डावीउजवीकडे ब्राझीलचा, जपानचा झेंडा लावलेली नावं हलत असतात. तीही त्याच एका चाकाकडे बघत असतात.

एक गोष्ट मात्र पावसाळा संपून सायकल बाहेर काढण्याआधी ध्यानात असू द्या. पडद्यावर चाकं एकमेकांतून आरपार जातात. रस्त्यावर पुढच्याच्या मागच्या चाकाला तुमचं पुढचं चाक घासलं तर पडता तुम्हीच. ओळखीच्या गटात, हाताच्या खुणा ठरवून, सायकलभर अंतर ठेवून आडोसा घ्या. आणि घाटात किंवा हायवेवर ट्रकमागे, एसटीमागे कधीही जाऊ नका. मर्फीला वर ओढून घ्यायला माणसं तयार उभी होती.