नाममुद्रा आणि कॅसेट

अमरावतीहून नागपूरकडे निघाले की वाटेत मोझरीचा गुरुकुंज आश्रम लागतो. तुकडोजी महाराजांनी तो १९३५ साली वसवला. महाराजांची भजने वऱ्हाडातल्या गावोगावी आजही खंजिरीच्या ठेक्यावर म्हटली जातात आणि अखेरच्या कडव्यात ‘तुकड्या’ हे नाव आले की मंडळींचा आवाज आपोआप चढतो. शब्द त्यांचे, गळा त्यांचा, खंजिरीही त्यांच्याच हातातली. गाणे कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर गाण्याच्या पोटातच शिवून ठेवण्याची ही रीत आम्हा मराठी वाचकांना नामदेव-तुकारामांपासून परिचित आहे. इतकी की तिचे महत्त्व आमच्या ध्यानात येत नाही.

ते ध्यानात येते ती मुद्रा नाहीशी झाल्यावर. विसाव्या शतकातल्या हिंदी चित्रपटसंगीताचा इतिहास हा एका परीने नाहीशा झालेल्या नावांचा इतिहास आहे, आणि त्यातली कितीतरी नावे गोमंतकीय आहेत. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातल्या चर्चला जोडलेल्या शाळांत ‘मेस्त्री’ मुलांना स्वरलेखन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. ही विद्या घेऊन शेकडो वादक मुंबईस आले. आधी हॉटेलांतल्या जॅझ बँडांत आणि मग चित्रपटांच्या वाद्यवृंदांत बसले. चाल संगीतकाराची असे. परंतु तिच्याभोवती व्हायोलिनांचा ताफा कसा उभा करायचा, मधल्या जागा कशा भरायच्या, हे ठरवणारा संयोजक बहुधा निराळाच असे. शंकर-जयकिशन यांच्यासाठी सेबॅस्टियन डिसोझा यांनी ते केले. चिक चॉकलेट हे सी. रामचंद्रांच्या सोबत होते. पडद्यावर या मंडळींचा उल्लेख झालाच तर ‘साहाय्यक’ म्हणून. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे तर प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. पण देशाला त्यांचे नाव ठाऊक झाले ते १९७७ सालच्या ‘अमर अकबर अँथनी’तल्या एका विनोदी गाण्यामुळे, आणि तेही खऱ्या माणसाचे नाव आहे हे न कळता. शिष्याने दिलेली ही गुरुदक्षिणाच होती. तिचे स्वरूप मात्र काहीसे करुण म्हटले पाहिजे.

या पार्श्वभूमीवर १९८४ साली गोव्यात निघालेल्या एका कॅसेटकडे पाहावे असे आम्हास वाटते. ‘गोअन क्रेझी’ हे तिचे नाव. शिवोलीच्या रेमो फर्नांडिस यांनी ती आपल्या घरी तयार केली. गीते त्यांची, चाली त्यांच्या, वाद्ये त्यांनीच वाजवलेली, सगळे आवाज त्यांचेच, मुद्रण आणि मिश्रणही त्यांचेच. मुंबईच्या जे. जे.मध्ये वास्तुशास्त्र शिकलेल्या या गृहस्थांनी वेष्टनाची रचनाही स्वतःच केली आणि मग पिवळ्या स्कूटरवरून दुकानोदुकानी कॅसेटी पोहोचवल्या. भारतीय माणसाने स्वतः रचलेल्या इंग्रजी गाण्यांत त्या काळी मुंबईच्या कंपन्यांना फारसा रस नव्हता. चित्रपटात नसलेले आणि हिंदीतही नसलेले गाणे विकणार कोणाला, हा त्यांचा हिशेब व्यापारी दृष्टीने चुकीचा होता असेही म्हणवत नाही.

हे घरी शक्य झाले ते एका यंत्रामुळे. टीॲक कंपनीने १९७९ साली ‘पोर्टास्टुडिओ’ नावाचे चार मार्गांचे मुद्रणयंत्र बाजारात आणले. साध्या कॅसेटच्या फितीवर चार समांतर पट्टे असतात. दोन एका बाजूस वाजतात, दोन उलटल्यावर. हे यंत्र चारही पट्टे एकाच दिशेने वापरते, आणि आवाज स्वच्छ यावा म्हणून फीत दुप्पट वेगाने पळवते. म्हणजे तासाभराच्या कॅसेटवर पाऊण नव्हे, अर्धा नव्हे, पाव तासाचेच काम होते. एका पट्ट्यावर गिटार भरायची, ती ऐकत दुसऱ्यावर ताल, तिसऱ्यावर बासरी. मग तिन्ही मिळून चौथ्यावर उतरवायचे आणि मोकळ्या झालेल्या पट्ट्यांवर पुढचे थर चढवायचे. एकदा उतरवले की त्यातली बासरी थोडी कमी करू म्हटले तरी होत नाही, आणि प्रत्येक उतरवणुकीबरोबर फितीची खरखर वाढत जाते. अमेरिकेत ब्रूस स्प्रिंगस्टीन यांनी १९८२चा ‘नेब्रास्का’ असल्याच यंत्रावर एकट्याने मुद्रित केला होता. पण त्यांच्या पाठीशी मोठी कंपनी होती, रेमोंच्या पाठीशी स्कूटर.

अशा अल्बममध्ये एक उणीव राहतेच, ती लपवू नये. एकाच गळ्याचे थर चढवून केलेला कोरस कितीही सुरेल असला तरी त्यात दुसऱ्या माणसाची चूक नसते. आणि समूहगानाची ऊब, आमच्या मते, त्या चुकीत असते. रेमोंना हे जाणवले असेल काय? पुढल्याच वर्षी, १९८५ साली, ते जुन्या गोमंतकीय गाण्यांकडे वळले (‘ओल्ड गोअन गोल्ड’), हे मात्र खरे. ज्याने आपले नाव सर्वत्र लिहिले त्याने लगेच इतरांची गाणी गळ्यात घ्यावीत, यात आम्हाला विसंगती दिसत नाही. ‘पॅक दॅट स्मॅक’ (१९८६) आणि ‘बॉम्बे सिटी’ (१९८७) त्यानंतरचे. चित्रपट, मोठ्या कंपन्या आणि २००७ची पद्मश्री ही कथा सर्वश्रुत आहे; तिच्यात शिरण्याचे येथे कारण नाही.

मराठी साहित्याच्या अभ्यासकाला या प्रकरणात आणखी एक धागा सापडेल. १९७०च्या दशकाच्या आरंभी अरुण कोलटकर इंग्रजीत गाणी रचत होते. अर्जुन शेजवळांकडे ते पखवाज शिकले आणि मुंबईच्या एका स्टुडिओत आपली काही गाणी त्यांनी मुद्रितही करून घेतली. त्यांचा अल्बम निघाला नाही. अनियतकालिकांच्या पिढीने छपाईचे साधन हाती घेतले होते. चक्रमुद्रित पानांवर कविता काढायला प्रकाशकाची परवानगी लागत नव्हती. ध्वनीच्या बाबतीत तसे साधन अद्याप आलेले नव्हते. ते येईपर्यंत आणखी दहा वर्षे गेली आणि कवीच्या हातून ती वेळ निसटली. त्या गाण्यांचे शब्द कोलटकरांच्या निधनानंतर, २००९ साली, ‘द बोटराइड’ या संग्रहात आले. पुस्तकात अर्थातच चाल येत नाही.

मग वऱ्हाडात असे का घडले नाही? यंत्र महाग होते, हे उत्तर अपुरे आहे. आमच्याकडे वाद्य हाती येते ते भजनी मंडळात, आणि तेथे एकाने एकच धरायचे असते: कोणी टाळ, कोणी पेटी, कोणी मृदंग. सगळीच वाद्ये एकट्याने वाजवणे हा तेथे गुण नव्हे, हावरटपणा ठरेल. अकोल्यात वाढलेल्या आनंद मोडकांचे कर्तृत्व घडले ते पुण्यात, बँकेतली नोकरी सांभाळून आणि नाटकमंडळीच्या संगतीत. आष्टगावचे भीमराव पांचाळे चाल आणि गळा देतात. गझल दुसऱ्याची असते. शब्द एकाचे, स्वर दुसऱ्याचा, ही वाटणी सुरेश भटांच्या अमरावतीने मनापासून मान्य केलेली आहे आणि तिने आम्हाला पुष्कळ दिले.

तरीही एक गोष्ट सलते. विद्यार्थिदशेत आम्ही राजकमल चौकाजवळच्या एका दुकानात गाण्यांची यादी देऊन कोऱ्या कॅसेटवर ती भरून आणत असू. त्यांतल्या काही अजून आमच्या खणात आहेत. दुकानदाराच्या सुबक अक्षरात प्रत्येक गाण्यापुढे चित्रपटाचे नाव आहे, कोठे कोठे नटाचेही. एके ठिकाणी नुसतेच ‘जुनी गाणी, भाग २’.