लंब बांधाबाहेर पडतो तेव्हा

त्रिकोणाचे प्रकार शाळेत दोन याद्यांत पाठ होतात: बाजूंवरून समभुज, समद्विभुज, विषमभुज, कोनांवरून लघुकोन, काटकोन, विशालकोन. दुसऱ्या यादीचा उपयोग मला इंदापूर-बारामतीच्या जमीनमोजणीचा इतिहास अभ्यासताना कळला.

आपल्या जुन्या गणितात भर बाजूंवर होता. नवव्या शतकात महावीराचार्यांनी त्रिकोणाचे सम, द्विसम, विषम असे तीनच प्रकार सांगितले. काटकोन त्रिकोणाला ‘जात्य’ हे वेगळे नाव होते. विशालकोनाची अडचण भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त (1150) लंबावरून हाताळली. बाजू 10 व 17, पाया 9. लंब 8, क्षेत्रफळ 36. पण पायाचे दोन खंड येतात 15 आणि उणे 6. हे ऋण म्हणजेच लंब पायाच्या बाहेर पडला.

शेतात याचा अर्थ साधा आहे: लंब शेजाऱ्याच्या रानात गेला! शंकू-साखळीच्या मोजणीत आधाररेषेवर चालत कोपऱ्यांचे लंब टाकतात आणि शेताचे काटकोन त्रिकोण व समलंब चौकोन पाडतात. साखळी 33 फुटांची, तिचे आणे 16. एक चौरस साखळी म्हणजे गुंठा, 40 गुंठ्यांचा एकर. तिकोनी तुकडा विशालकोन असेल तर सर्वांत लांब बाजू पाया धरावी. वरील त्रिकोणात पाया 17 घेतला की लंब आतच राहतो, क्षेत्र तेच 36.

या मोजणीवर सारा ठरे. प्रिंगल यांची 1830च्या सुमाराची आकारणी पेलली नाही. इंदापुरात जमिनी पडीक पडल्या, कुळे गाव सोडून गेली. 1835 साली गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरातच नवे काम सुरू केले. 1836पासून कमी केलेले दर तीस वर्षांसाठी बांधून दिले. हीच पद्धत पुढे मुंबई इलाख्यात पसरली.

तिच्यात वर्गीकरणे दोन होती. त्रिकोणाचे क्षेत्र कोणीही पुन्हा मोजून ताडू शके. जमिनीच्या नऊ प्रती आणि त्यांवरचा दर मात्र अधिकाऱ्याच्या अंदाजावर अवलंबून. मुदत संपताच 1867च्या सुमारास इंदापुरात आकार वाढला. मे 1875मध्ये आजच्या बारामती तालुक्यातील सुपे येथे दंगा उसळला. त्याचा रोख सावकारांवर होता, तरी चौकशीत वाढीव साऱ्याचाही विचार झाला. तंटा गुंठ्यांचा नव्हता, गुंठ्याला लावलेल्या दराचा होता. म्हणून माझ्या मते या मोजणीची भूमिती आणि तिची आकारणी यांचा निवाडा इतिहासाने वेगवेगळा करायला हवा.