फिरते चाक आणि माणसाचा हात

फ्लायव्हील म्हणजे मुळात एक जड चाक. ते स्वतः काहीही निर्माण करीत नाही, केवळ साठवते. हळूहळू दिलेले श्रम ते वेगाच्या रूपाने आपल्यात सामावून घेते आणि गरज पडताच क्षणार्धात परत देते. आपल्या कुंभाराचे चाक हे याचेच आदिरूप होय. काठीने त्याला गती द्यायची, काठी बाजूला ठेवायची आणि चाक फिरत असेतो मातीला आकार द्यायचा. गाडगे उतरवल्यावरही ते चाक काही काळ फिरतच राहते. सांख्यकारिकेच्या ६७ व्या कारिकेत हाच दृष्टान्त आला आहे. ज्ञान झाल्यावरही देह काही काळ का टिकतो, तर कुंभाराचे चाक पूर्वीच्या संस्काराने फिरत राहते तसा. ‘संस्कार’ या शब्दाने तेथे चाकात शिल्लक राहिलेला वेग सुचवला आहे. ज्या गोष्टीचे कारण थांबले आहे, पण जिचा परिणाम थांबलेला नाही, अशी ही गती आहे. प्रस्तुत लेखाचा विषय हीच शिल्लक गती आणि तिच्या वाटेत येणारा माणसाचा हात हा आहे.

युरोप-अमेरिकेत सरपणासाठी ओंडके फोडण्याची जी यंत्रे वापरतात, त्यांच्यात आज दोन मुख्य जाती दिसतात. पहिली तेलाच्या दाबावर चालणारी. तिच्यात दट्ट्या सावकाश पुढे सरकतो, ओंडका पाचरीवर रेटला जातो आणि एका फेरीला बहुधा दहा-पंधरा सेकंद लागतात. दुसरी जात फ्लायव्हीलची. लहानसे इंजिन दोन जड चाके सतत फिरवीत ठेवते. दांडा ओढला की दट्ट्याची दातेरी पट्टी फिरत्या दंतचक्रात अडकते, चाकांत साठलेली शक्ती एका तडाख्यात ओंडक्यावर येते आणि स्प्रिंग दट्ट्याला मागे ओढते. हे सारे दोन-तीन सेकंदांत आटोपते. लहान इंजिनाकडून मोठे काम करून घेण्याची ही युक्ती खरोखर चतुर आहे. मात्र ज्या गुणामुळे हे यंत्र वेगवान ठरते, त्याच गुणामुळे ते धोकादायकही ठरते. तेलाच्या यंत्रात हात अडकतो आहे असे दिसले, तर दांडा सोडायला थोडा तरी अवधी मिळतो. येथे डोळ्यांनी पाहून मनाने ठरवीपर्यंत तडाखा बसून गेलेला असतो. शिवाय इंजिन बंद केल्यावरही चाके काही वेळ फिरतच राहतात. कुंभाराच्या चाकाचा तो ‘संस्कार’ येथे लोखंडात उतरला आहे. म्हणूनच अशा यंत्रांना दोन्ही हात गुंतवून ठेवणारे दांडे बसवण्याची पद्धत आली. दोन्ही हात दांड्यांवर असतील तरच दट्ट्या हलावा, म्हणजे पाचरीजवळ न्यायला तिसरा हातच उरत नाही, असा त्यामागचा साधा विचार आहे.

हा विचार आज साधा वाटतो. परंतु ‘यंत्राने माणसाला सांभाळावे की माणसाने यंत्राला सांभाळून राहावे’ या प्रश्नावर एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये मोठा वाद झाला. त्या वादाच्या केंद्रस्थानी फिरती चाके आणि दांडेच होते, आणि त्यात साहित्यिकही उतरले होते. साहित्याच्या अभ्यासकांनी त्याकडे पाहावे ते यासाठी.

वाफेच्या इंजिनाची सरळ हालचाल गोल फिरवण्याचा प्रश्न १७८० च्या सुमारास सुटला. त्या वर्षी जेम्स पिकार्डने क्रँकच्या वापराचे पेटंट घेतले. ते टाळण्यासाठी जेम्स वॅटच्या बाजूने १७८१ मध्ये ‘सूर्य आणि ग्रह’ या नावाची दातेरी चाकांची रचना पुढे आली. दट्ट्याचे झटके समतोल करण्यासाठी इंजिनाला प्रचंड फ्लायव्हील जोडले गेले आणि १७८८ मध्ये वॅटने वेगाला आवर घालणारा गव्हर्नर बसवला. यंत्राच्या वेगाला नियंत्रक मिळाला खरा. पण तो यंत्राच्या हितासाठी, सूत एकसारखे निघावे म्हणून. चाकाचा वेग दुप्पट झाला की त्यातील ऊर्जा चौपट होते. कडेवरचा ताणही त्याच प्रमाणात वाढतो, आणि कडा जाड करून तो कमी होत नाही. जाडीबरोबर वजनही वाढते. ओतीव लोखंडाच्या चाकाची कडा सेकंदाला साधारण तीस मीटरहून अधिक वेगाने फिरवू नये, हा अभियंत्यांचा जुना दंडक त्यातूनच आला. चाक फुटू नये यासाठी गणित होते. चाकाशेजारून जाणाऱ्या मुलीचा परकर त्यात ओढला जाऊ नये, यासाठी मात्र गणित पुरेसे नव्हते. तेथे कायदाच हवा होता.

तो १८४४ मध्ये आला. इंजिनाला थेट जोडलेले प्रत्येक फ्लायव्हील, मग ते इंजिनघरात असो वा बाहेर, आणि गिरणीतील गती वाहून नेणारे सर्व भाग भक्कम कुंपणाने वेढलेले असावेत, असे त्या कायद्याने सांगितले. परंतु छतालगतच्या उंच दांड्यांना कुंपण घालण्याचे गिरणीमालक टाळत राहिले. १८५४ च्या आरंभी लिओनार्ड हॉर्नर आदी निरीक्षकांनी त्याबाबत आग्रह धरला, तेव्हा मालकांनी मँचेस्टर येथे आपली संघटना उभारली. चार्ल्स डिकन्सच्या ‘हाउसहोल्ड वर्ड्‌स’ या साप्ताहिकात २२ एप्रिल १८५४ रोजी हेन्री मोर्ले याचा ‘ग्राउंड इन द मिल’ हा लेख प्रसिद्ध झाला. दांड्यात अडकून मेलेल्या आणि लुळ्या झालेल्या कामगारांचा हिशोब त्यात होता. त्याच साप्ताहिकात त्या वेळी डिकन्सची ‘हार्ड टाइम्स’ क्रमशः चालू होती.

येथे एक पाठचिकित्सेचा मुद्दा लक्षात घेण्याजोगा आहे. ‘हार्ड टाइम्स’मधील स्टीफन ब्लॅकपूल कामगारांच्या संघात सामील होत नाही, कारण त्याने रेचेलला वचन दिलेले असते. हे वचन नेमके कशापायी, याचा उलगडा कादंबरीत नीट होत नाही, अशी तक्रार वाचक-समीक्षक करीत आले आहेत. त्याचा दुवा मुद्रितात होता. पहिल्या भागाच्या तेराव्या प्रकरणात रेचेलच्या धाकट्या बहिणीचा हात यंत्राने तोडल्याचा उल्लेख होता आणि तेथे मोर्लेच्या लेखाकडे बोट दाखवणारी तळटीपही होती. छापील पाठात हे दोन्ही आले नाही. वचन राहिले, त्यामागची जखम गेली. ज्या कादंबरीला आपण औद्योगिक युगाची कादंबरी म्हणून शिकवतो, तिच्यात यंत्राने केलेला एकमेव स्पष्ट अपघात लेखकानेच वगळलेला आहे. स्टीफनचा अंत होतो तोही गिरणीत नव्हे, उघड्या टाकून दिलेल्या खाणीच्या विवरात पडून. कुंपण नसलेल्या जागेनेच त्याचा जीव घेतला, हे त्या काळच्या वाचकाला वेगळे सांगावे लागले नसेल.

वादाची दुसरी बाजूही एका साहित्यिकेनेच मांडली. हॅरिएट मार्टिनो हिने १८५५ मध्ये ‘द फॅक्टरी कॉन्ट्रोव्हर्सी’ ही पुस्तिका लिहिली आणि ती मालकांच्या संघटनेने छापली. दांड्यांमुळे होणारे अपघात संख्येने अल्प आहेत, ते बहुतेक कामगारांच्या बेपर्वाईने होतात आणि सरकारने असल्या गोष्टींत लुडबूड करू नये, असा तिचा युक्तिवाद होता. मार्टिनो निर्दय नव्हती. गुलामगिरीच्या विरोधात ती आयुष्यभर लिहीत आली होती. म्हणूनच तिचे म्हणणे गांभीर्याने वाचले पाहिजे. प्रौढ माणसाला स्वतःचे भले कळते, हा तिचा विश्वास होता. मात्र मिनिटाला शंभराहून अधिक फेरे घेणाऱ्या दांड्यापुढे ‘कळणे’ आणि ‘हात मागे घेणे’ यांच्यामध्ये जो अवधी लागतो, तो यंत्र देत नाही. तिच्या युक्तिवादात वेग हा घटकच नाही. डिकन्सच्या साप्ताहिकाने जानेवारी १८५६ मध्ये तिला उत्तर दिले. परंतु त्याच वर्षीच्या नव्या कायद्याने कुंपणाची सक्ती सैल केली. लेखणीच्या लढाईत डिकन्सची बाजू सरस ठरली असेल. संसदेत मालक जिंकले.

१८५६ हेच वर्ष आपल्याही इतिहासात महत्त्वाचे आहे. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापलेल्या कंपनीची कापडगिरणी ताडदेवला त्याच वर्षी सुरू झाली. इंग्लंडमधून इंजिने आली, साचे आले, फ्लायव्हील आले. कायदा मात्र आला नाही. तो येण्यास आणखी पंचवीस वर्षे लागली. १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्यामागे सोराबजी शापूरजी बंगाली यांच्यासारख्यांची कळकळ होती, तशी मुंबईच्या स्पर्धेची धास्ती घेतलेल्या लँकेशायरच्या मालकांची निकडही होती. त्या कायद्याने मुलांच्या कामाचे तास ठरवले आणि यंत्रांना कुंपण सांगितले.

कुंपण असूनही हात गेला तर काय, हा प्रश्न त्यात नव्हता. तो विचारला नारायण मेघाजी लोखंडे यांनी. ‘दीनबंधू’चे संपादक आणि सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते असलेल्या लोखंड्यांच्या पुढाकाराने १८८४ मध्ये सुमारे साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. त्यातील रविवारच्या सुट्टीची मागणी सर्वांना ठाऊक आहे, कारण ती १८९० मध्ये मान्य झाली. दुसऱ्या एका मागणीचा उल्लेख त्या मानाने कमी होतो. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि जो जन्माचा अपंग झाला त्याच्या उदरनिर्वाहाची सोय व्हावी, ही ती मागणी. कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला १९२३ मध्ये, म्हणजे एकोणचाळीस वर्षांनी.

मार्टिनोच्या पुस्तिकेशेजारी हे निवेदन ठेवून वाचले, तर दोन दृष्टींमधील अंतर कळते. एक दृष्टी अपघातांची टक्केवारी काढते, दुसरी अपघातानंतरचे आयुष्य मोजते. मामा वरेरकरांनी गिरणी कामगारांवरील आपल्या कादंबरीला ‘धावता धोटा’ हे नाव दिले, तेव्हा त्यांनीही गिरणीची ओळख वेगावरूनच करून दिली. मराठीत गिरणगावाचे साहित्य विपुल आहे. संप, चाळ, भूक, स्थलांतर यांवर आपण पुष्कळ लिहिले-शिकवले. परंतु त्या साहित्यात खुद्द यंत्र कोठे येते, किती वेगाने फिरते आणि कोणाचा हात मागते, या अंगाने त्याचे वाचन आपण फारसे केलेले नाही. एम. ए. च्या विद्यार्थ्याने हाती घ्यावा असा हा विषय आहे.

ओंडके फोडणाऱ्या यंत्राचे दोन दांडे ही वरवर पाहता एक क्षुल्लक सोय आहे. पण ‘माणूस चुकणारच’ हे तीत गृहीत धरले आहे आणि त्या चुकीची शिक्षा हात गमावण्याइतकी असू नये, हेही मान्य केले आहे. १८५५ मध्ये एका विचारी, उदारमतवादी लेखिकेला हे मान्य नव्हते. १८८४ मध्ये परळ-भायखळ्याच्या साडेपाच हजार कामगारांना ते पुरते ठाऊक होते.