मादी शॅमेलिऑन पाळायची आहे? पिंजऱ्याआधी कायदा बघा, आणि वाळूची बादली विसरू नका

रीलमध्ये हिरवागार शॅमेलिऑन फांदीवर डुलत डुलत चालतो, एक डोळा पुढे, एक मागे फिरवतो आणि लांबलचक जीभ फेकून किडा टिपतो. खाली कमेंट ठरलेली: "भाऊ, कुठे मिळेल?"

जळगाव-धुळ्यात या प्रश्नाची दोन उत्तरं ऐकू येतात. एक, शेताच्या बांधावर सापडतो. दोन, ऑनलाइन मागवता येतो. पहिला मार्ग सरळ बेकायदा आहे. दुसरा कागदपत्रं नसतील तर बेकायदा आहे. आणि हातात आलेला प्राणी मादी असेल, तर आणखी एक गोष्ट माहीत असायलाच हवी. ती नराशिवायही अंडी धरते आणि अंडी घालायला जागा मिळाली नाही तर मरू शकते.

म्हणून या लेखात आधी कायदा, मग मादीची राहण्याची सोय, खाणं, अंडी आणि आजारपण असं एकेक बघू.

बांधावर दिसतो तो कोण?

आपल्याकडे कुंपणावर मान वर-खाली करणारा, मानेपाशी लाल होणारा असतो तो साधा सरडा. तोही रंग बदलतो, त्यामुळे गल्लत होते. शॅमेलिऑन वेगळा. बऱ्याच ठिकाणी त्याला घोयरा सरडा म्हणतात. त्याचे डोळे शंकूसारखे बाहेर आलेले असतात आणि स्वतंत्रपणे फिरतात. पायाची बोटं दोन आणि तीनच्या जुड्यांत जुळलेली असल्याने फांदी चिमट्यासारखी पकडली जाते. शेपटी गुंडाळता येते. चाल अगदी संथ.

भारतात मिळणारी ही जात द्वीपकल्पाच्या कोरड्या झुडपी भागात आणि जंगलात राहते. ती विषारी नाही. ती चावली किंवा अंगावरून गेली तर अनर्थ होतो ही निव्वळ अंधश्रद्धा आहे. या भीतीपोटी तिला दगड मारले जातात.

पकडून घरी आणलं तर?

भारतीय शॅमेलिऑनला वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार संरक्षण आहे. या कायद्याच्या भाषेत प्राणी पकडणं हीसुद्धा शिकारच. "मारला नाही, फक्त पाळला" हा बचाव चालत नाही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर साध्या गुन्ह्यासाठीही तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यांसाठी शिक्षा आणखी कडक आहे. म्हणजे त्याला बाटलीत घालून काढलेलं रील हा तुम्हीच तयार केलेला पुरावा ठरतो.

जमिनीवर दिसलेली मादी हरवलेली नसते

शॅमेलिऑन जवळपास सगळं आयुष्य झाडावर काढतो. पावसाळा सरता सरता पोट फुगलेली मादी मात्र खाली उतरते. तिला मऊ माती शोधायची असते. ती बीळ खणते, साधारण १० ते ३० अंडी घालते, माती परत ओढून बुजवते आणि निघून जाते. नेमकं याच वेळी ती रस्ता ओलांडताना गाडीखाली येते किंवा "बिचारी आजारी दिसतेय" म्हणून कुणीतरी तिला खोक्यात घालून घरी नेतं. खोक्यात खणायला माती नसते, अंडी पोटातच राहतात.

अशी मादी दिसली तर गाडी थांबवा आणि तिला जाऊ द्या. वाहनांची गर्दी असेल तर एक फांदी पुढे करा, ती त्यावर चढेल. ज्या दिशेने चालली होती त्याच बाजूला तिला उतरवा. खणत असेल तर लांब राहा, कुत्र्यांना आणि गर्दीला दूर ठेवा. जखमी असेल तर वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा.

मग पाळता येतो तो कोणता?

जगभर सर्वाधिक पाळली जाणारी जात म्हणजे वेल्ड शॅमेलिऑन. मूळ येमेन आणि नैर्ऋत्य सौदी अरेबियातली. डोक्यावर उंच शिरस्त्राणासारखा तुरा असतो. तिचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइटिस करारानुसार नियंत्रित आहे. भारतात अशा परदेशी प्राण्यांची नोंद २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. मालक बदलला, पिल्लं झाली किंवा प्राणी मेला तरी कळवावं लागतं.

विकणाऱ्याकडे नोंदणीचा कागद मागा. "घेऊन जा, नंतर करून देतो" असं उत्तर आलं तर तिथूनच परत फिरा.

मादी ओळखायची कशी? नराच्या मागच्या पायाच्या टाचेवर जन्मापासून एक छोटा काटा असतो. मादीला तो नसतो. तिचा तुराही लहान असतो आणि नाकापासून शेपटीपर्यंत ती साधारण एक फुटाची होते. चांगली निगा राखली तर पाच-सहा वर्षं जगते.

पिंजरा: उंच, हवेशीर, एकटीसाठी

काचेची माशांची टाकी नको. चारही बाजूंनी जाळी असलेला, किमान दीड फूट लांब, दीड फूट रुंद आणि तीन फूट उंच पिंजरा लागतो. मोठा असेल तर उत्तम. एका पिंजऱ्यात एकच शॅमेलिऑन ठेवायचा. दुसरा नुसता दिसत राहिला तरी तिला ताण येतो.

आत आडव्या-तिरप्या फांद्या आणि लपायला दाट पानं हवीत. जास्वंद सगळ्यात सोयीची, कारण ती पानंही कुरतडते. नर्सरीतून आणलेल्या झाडावर औषध मारलेलं असतं. पानं नीट धुवा, माती बदला आणि काही आठवडे बाहेर ठेवून मगच आत घ्या. कण्हेर विषारी आहे, ती अजिबात नको.

उजेडासाठी दोन दिवे लागतात. एक साधा बल्ब, ज्याच्या खालच्या फांदीवर मादीसाठी २७ ते २९ अंश सेल्सिअस तापमान राहील. दुसरी यूव्हीबी ट्यूब, रोज १२ तास. यूव्हीबीशिवाय शरीरात ड जीवनसत्त्व तयार होत नाही आणि त्याविना कॅल्शियम हाडांत जात नाही. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हाचा उपयोग नाही, कारण काच यूव्हीबी अडवते. ट्यूब पेटत असली तरी तिची ताकद उतरते, म्हणून सहा महिने ते वर्षभरात बदलावी.

खान्देशचा उन्हाळा हीच मोठी परीक्षा

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ अंशांवर जातो. पत्र्याच्या किंवा थेट स्लॅबखालच्या खोलीत पिंजरा ठेवला तर दुपारी घात होऊ शकतो. तळमजल्यावरची, उत्तरेकडची थंड खोली निवडा. खोली ३० अंशांवर गेली की उष्णतेचा बल्ब बंद करा, यूव्हीबी चालू ठेवा. कूलर चालेल, पण त्याचा झोत थेट पिंजऱ्यावर नको. भारनियमनात पंखा-कूलर बंद पडले तर काय करायचं हे आधीच ठरवून ठेवा.

तोंड उघडं ठेवून बसणं आणि रंग फिकट पडणं ही उष्माघाताची सुरुवात असते. लगेच सावलीत, थंड खोलीत हलवा आणि साध्या पाण्याचे बारीक फवारे मारा. बर्फाचं पाणी वापरू नका.

हिवाळ्यात उलटं होतं. धुळ्यात रात्रीचा पारा एक आकडी होतो. तेव्हा पिंजरा खिडकीपासून दूर घ्या आणि खोली १८ अंशांच्या खाली जाऊ देऊ नका.

पाणी वाटीत ठेवून चालत नाही

शॅमेलिऑन सहसा साठलेलं पाणी पीत नाही. पानांवरचे थेंब चाटतो. सकाळ-संध्याकाळ पानांवर दोन-तीन मिनिटं फवारा मारा किंवा वरून थेंब-थेंब पाणी सोडा. दोन फवाऱ्यांच्या मधे पिंजरा सुकला पाहिजे, नाहीतर बुरशी आणि फुप्फुसाचा संसर्ग होतो. विष्ठेतला पांढरा भाग पांढराच असावा. तो गडद नारिंगी झाला तर पाणी कमी पडतंय.

खाणं: मादीला जास्त भरवणं घातक

जिवंत किडे हाच आहार. रातकिडे, डुबिया जातीची पाळीव झुरळं, रेशीम अळ्या. किडा तिच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठा नको. पिल्लांना रोज खायला लागतं. पूर्ण वाढलेल्या मादीला दिवसाआड तीन-चार किडे पुरतात.

इथेच प्रेमापोटी चूक होते. भरपूर खाणं आणि जास्त उष्णता मिळाली की मादी एका वेळी जास्त अंडी धरते. कधी पन्नासच्या वरही. त्यात तिच्या हाडांतलं कॅल्शियम खर्च होतं आणि आयुष्य घटतं.

किड्यांनाही आदल्या दिवशी पालेभाजी, गाजर, भोपळा खाऊ घाला. भरवताना डी-३ नसलेली कॅल्शियम पावडर त्यांच्यावर भुरभुरा. जीवनसत्त्वांची पावडर महिन्यातून दोनदाच.

शेतातले किडे पकडून देऊ नका. कपाशी आणि केळीवर कीटकनाशकांचे फवारे होतात, तेच विष किड्यातून तिच्या पोटात जातं. घरातल्या झुरळांचंही तसंच. पावसाच्या तोंडावर दिसणारे काजवे सरड्यांसाठी जीवघेणे असतात.

आता ती वाळूची बादली

पोल्ट्रीतली कोंबडी कोंबड्याशिवाय अंडी घालते, तसंच वेल्ड शॅमेलिऑनच्या मादीचं. नर कधीच भेटला नाही तरी पाच-सहा महिन्यांची झाली की अंडी तयार होऊ लागतात. ही अंडी फुटत नाहीत, पण घालावी तर लागतातच.

म्हणून ती पाच महिन्यांची होण्याआधीच पिंजऱ्यात किमान एक फूट लांब-रुंद आणि एक फूट खोल भांडं कायमचं ठेवा. त्यात स्वच्छ धुतलेली, ओलसर वाळू भरा. मूठ आवळली की लाडूसारखा गोळा झाला पाहिजे, पाणी टपकता कामा नये. बोट घालून भोक केलं तर ते ढासळू नये. आपली काळी माती यासाठी नको. ओली असताना चिकटते, सुकली की दगड होते.

अंगावर निळे-पिवळे ठिपके, गडद रंग, फुगलेलं पोट, खाणं कमी आणि पिंजऱ्यात सारखं खाली-वर फिरणं ही अंड्यांची लक्षणं. खणायला लागली की पिंजऱ्याला चादर लावा. डोकावू नका, मोबाइल धरू नका. कुणी बघतंय असं वाटलं तर ती खणणं सोडून देते. काम एक-दोन दिवस चालू शकतं. वर आल्यावर पाणी आणि कॅल्शियम लावलेले किडे द्या, अंडी नंतर काढा.

डॉक्टरकडे लगेच कधी न्यायचं?

- पोट फुगलेलं आहे, पण ती खणत नाही, किंवा खड्डे करते आणि अंडी घालत नाही
- दिवसा डोळे मिटून बसते किंवा डोळे खोल गेलेत
- पिंजऱ्याच्या तळाशी पडून आहे, पकड सुटतेय
- जबडा मऊ लागतो, पाय वाकलेत
- तोंडात फेस किंवा बुडबुडे दिसतात

पहिली तीन लक्षणं एकत्र दिसली तर अंडी अडकल्याचा धोका आहे. इथे आठवडा नाही, तास मोजायचे असतात. एक्स-रेमध्ये अंडी दिसतात. डॉक्टर कॅल्शियम आणि औषधं देतात, नाही जमलं तर शस्त्रक्रिया करतात. घरी पोट दाबू नका, इंजेक्शन देऊ नका.

खरी अडचण अंतराची आहे. सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारे अनुभवी डॉक्टर मुख्यतः पुणे-मुंबईसारख्या शहरांत आहेत. जळगाव किंवा धुळ्याहून तो रात्रभराचा प्रवास. म्हणून प्राणी घेण्याआधीच असा डॉक्टर शोधून फोनवर बोलून ठेवा.

शेवटचे दोन नियम

शॅमेलिऑन कुरवाळून घेणारा प्राणी नाही. हातात घेणं म्हणजे त्याच्यासाठी शिकाऱ्याने पकडणं. गरजेपुरतंच हाताळा आणि नंतर हात साबणाने धुवा, कारण सरपटणाऱ्या प्राण्यांकडून साल्मोनेलाचा संसर्ग होऊ शकतो.

आणि कंटाळा आला, खर्च झेपेना म्हणून परदेशी शॅमेलिऑन सातपुड्यात किंवा गावाबाहेर सोडू नका. फ्लोरिडा आणि हवाईत असेच आलेले वेल्ड शॅमेलिऑन आता जंगलात पसरले आहेत. सांभाळता येत नसेल तर नियमानुसार दुसऱ्या नोंदणीकृत मालकाकडे द्या.

थंड खोली, यूव्हीबी, वाळूची बादली, डॉक्टरचा नंबर आणि नोंदणीचा कागद. यातलं एकही नसेल तर सध्या रील बघणंच बरं. आणि येत्या पावसाळ्याच्या शेवटी बांधावर एखादी फुगलेल्या पोटाची, संथ चालणारी हिरवी मादी दिसली तर दोन मिनिटं गाडी थांबवा.