मोडी दफ्तर आणि हिंदी दासबोध

दोन संस्कृतींच्या देवाणघेवाणीचा विषय निघाला की आपणांस गांधार शिल्पे आठवतात, गोव्यातील चर्चे आठवतात. परंतु तोच विषय रायपूरच्या पुरानी बस्तीतही अभ्यासता येतो. महामायेचे मंदिर आणि जैतूसाव मठ याच वस्तीत आहेत. दूधाधारी मठ तिच्या लगत आहे. हा मठ उत्तरेकडील रामानंदी वैष्णवांचा. त्यास आश्रय मिळाला तो मात्र नागपूरकर भोसल्यांचा. एका रामाच्या ठायी दोन परंपरा अशा सहज एकत्र आल्या.

भोसल्यांचे येथील आगमन मात्र तलवारीच्या बळावर झाले. १७४१ साली भास्करपंत कोल्हटकरांनी रतनपूरच्या हैहयवंशीय राज्यावर स्वारी केली. पुढे १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसले यांनी रतनपूरहून छत्तीसगढचा कारभार पाहिला. तेथील टेकडीवर त्यांनी राममंदिर बांधले. रामटेकरी हे तिचे नाव ऐकताच आपणांस नागपूरजवळचे रामटेक आठवते. दसऱ्यास सोने वाटण्याची चाल व कारभारातील मराठी भाषा आणि मोडी लिपी हीही त्यांच्याच काळातील. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि मोडी दफ्तराचा अंमल संपला. आम्ही स्वतः कचेरीत कागद सांभाळणारी माणसे. लिपी जाणणारा उरला नाही की कागदाचे काय होते, हे आम्हांस वेगळे सांगावयास नको.

दुसरा प्रवाह लेखणीचा. १८७१ साली जन्मलेल्या माधवराव सप्रे यांची मातृभाषा मराठी. १९०० साली त्यांनी पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले. १९०७ मध्ये नागपुरातून ‘हिंदी केसरी’ सुरू केला आणि १९०८ मध्ये त्यांस अटक झाली. नंतर रायपुरात राहून त्यांनी समर्थांचा दासबोध व टिळकांचे गीतारहस्य हिंदीत आणले. १९२४ मध्ये देहरादूनच्या हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद या मराठी माणसाकडे आले. त्यांच्यामागे फौज नव्हती, हुकूम नव्हता. तरीही त्यांचे कार्य टिकले, कारण ते शेजाऱ्याच्या भाषेत केलेले होते. पुढे गजानन माधव मुक्तिबोध यांनी याच वाटेने जाऊन हिंदी काव्यास नवे वळण दिले. १९५८ पासून ते राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात अध्यापन करीत होते. त्यांचे बंधू शरच्चंद्र मात्र मराठीत कविता लिहीत. एकाच घरातून दोन भाषांस कवी मिळाले!

येथवर आम्ही देण्याचा हिशेब मांडला. घेण्याची बाजू मात्र कोरी वाटते. हीरालाल काव्योपाध्याय यांनी छत्तीसगढीचे व्याकरण रचले आणि १८९० मध्ये ग्रिअर्सन यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. मराठी माणसे तोवर या प्रदेशात शतकाहून अधिक काळ नांदली होती. तथापि शेजारच्या भाषेची ओळख जगास करून देण्याचा मान सातासमुद्रापलीकडून आलेल्या अधिकाऱ्यास मिळाला.

आजही आम्ही बाजारात छत्तीसगढी बोलतो, कचेरीत हिंदी लिहितो आणि घरी मराठी जपतो. जपणे चांगलेच, परंतु केवळ जपलेली भाषा मोडी दफ्तराप्रमाणे पेटीत राहते. सप्रे यांनी मराठीतून हिंदीत जी वाट घातली, तिच्यावरून उलट दिशेने चालणे, म्हणजेच छत्तीसगढीतील चांगले ते मराठीत आणणे, हे आमचे राहिलेले काम आहे. ते येथे राहणाऱ्यांनीच करावयाचे आहे. पुण्यामुंबईस बसून ते कोण करणार?