आरेचे जंगल आणि वारल्यांचे पाडे

गोरेगाव पूर्वेची आरे वसाहत म्हटली की सामान्य मुंबईकराला १९४९ मध्ये सुरू झालेली दुग्धवसाहत आठवते. मात्र तबेले येण्यापूर्वीपासून तेथे वारली, कोकणा, मल्हार कोळी यांची वस्ती आहे. केलटीपाडा, खांबाचा पाडा असे २७ पाडे येथे असल्याचे सांगितले जाते. सुमारे १,३०० हेक्टरचा हा परिसर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून असून ओशिवरा नदी येथेच उगम पावते. मिठीचे पाणलोट क्षेत्रही याच भागात आहे. पावसाळ्यात तुंबणाऱ्या उपनगरांना या जंगलाचे मोल वेगळे सांगावयास नको.

वारली वाघोबाला देव मानतात आणि दिवाळीच्या तोंडावर वाघबारस साजरी करतात. बिबट्या हा त्यांचा शेजारीच. शहरात मात्र तो दिसला की पिंजऱ्याची मागणी होते!

मेट्रो-३ च्या कारशेडसाठी प्रजापूर पाड्यातील कुटुंबांना अंधेरीच्या पुनर्वसन इमारतीत हलविण्यात आले. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने वृक्षतोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती चालल्या. पाड्यांतील रहिवासी व शहरातील तरुण रस्त्यावर उतरले. २९ जणांना अटक झाली. विधी शाखेच्या विद्यार्थ्यांच्या पत्राची दखल घेऊन सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबरला तोड थांबविली, पण तोपर्यंत २,१४१ झाडे पडली होती.

पुढे २०२० मध्ये कारशेड कांजूरमार्गला नेण्याचा निर्णय झाला, तर २०२२ मध्ये ते पुन्हा आरेत आले. एप्रिल २०२३ मध्ये परवानगीपेक्षा अधिक झाडे तोडू पाहिल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने मेट्रो महामंडळाला १० लाख रुपये भरावयास लावले. तोडीस मात्र मुभा दिली. ऑक्टोबर २०२४ मध्ये आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल हा मार्ग सुरू झाला.

आंदोलन अगदीच वाया गेले असे म्हणता येणार नाही. २०२० मध्ये आरेतील ८१२ एकर जमीन राखीव वन करण्याची घोषणा झाली आणि २०२१ मध्ये ती वनखात्याकडे आली. खरी अडचण हक्कांची आहे. वनहक्क कायदा (२००६) ग्रामसभेभोवती फिरतो. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये याच कायद्याने सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळविला. महापालिकेच्या हद्दीत ग्रामपंचायतच नाही. तेव्हा पाड्याने आपला दावा मांडावा कोणापुढे?