युद्धखेळ : रचना व मूल्यमापन

युद्धखेळ : प्रत्यक्ष सैन्य न हलवता, परस्परविरोधी बाजू घेऊन बसलेल्या माणसांच्या निर्णयांमुळे संघर्ष कसकसा वळत जातो, हे नकाशावर, पटावर किंवा संगणकाच्या पडद्यावर अजमावण्याची पद्धत. लष्करी व्यवहारात त्याला वॉरगेमच म्हणतात. खेळाडूंचे निर्णय हा त्याचा गाभा होय; म्हणून माणसाविना चालणारे संगणकीय सिम्युलेशन आणि फौज मैदानात उतरवून केलेला सराव हे दोन्ही त्यात मोडत नाहीत. डावपेचांच्या पातळीवर खेळाडू एखाद्या तुकडीचा किंवा जहाजाचा प्रमुख असतो. व्यूहात्मक पातळीवर तो राष्ट्रप्रमुख, परराष्ट्रमंत्री वा सेनाध्यक्षाच्या भूमिकेत बसतो. तेथे इशारे, निर्बंध, वाटाघाटी आणि संयम या खेळींना सोंगट्यांपेक्षा अधिक वजन असते. निकाल काय लागला यापेक्षा तो का लागला हे कळणे महत्त्वाचे, आणि युद्धखेळाची रचना व पारख दोन्ही याच हेतूने केली जातात.

पूर्वपीठिका : हत्ती, घोडा, रथ व पायदळ या चार अंगांचा चतुरंग हा प्राचीन भारतीय खेळ बुद्धिबळाचा पूर्वज मानला जातो. मात्र बुद्धिबळात दोघांनाही सगळा पट दिसतो आणि प्रत्येक मोहऱ्याची चाल पक्की ठरलेली असते. रणांगणावर यांपैकी कशाचीच खात्री नसते. ब्रुन्सविक येथील योहान हेलविग यांनी १७८० मध्ये बुद्धिबळाचा विस्तार करून पटावर भूप्रदेश आणला. खरी कलाटणी दिली ती प्रशियाचे तरुण लेफ्टनंट गेऑर्ग फॉन राइसविट्झ यांनी. वडिलांनी तयार केलेला खेळ सुधारून त्यांनी १८२४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात १ : ८,००० प्रमाणाचे नकाशे होते, एक खेळी म्हणजे दोन मिनिटांचा काळ होता आणि चकमकीचा निकाल फाशांच्या दानावर व तक्त्यांवर ठरे. दोन बाजूंच्या मध्ये पंच बसे आणि ज्याला जेवढे दिसणे शक्य, तेवढेच त्याला दाखवी. प्रशियाचे सेनाप्रमुख म्युफ्लिंग यांनी तो पाहून सैन्याला त्याची शिफारस केली.

पुढे नियमांचे ओझे वाढले. तेव्हा व्हेर्डी द्यू व्हेर्न्वा यांनी १८७६ मध्ये तक्ते बाजूला ठेवून अनुभवी पंचाच्या निवाड्यावर चालणारा 'मुक्त' प्रकार पुढे आणला. ठरीव नियमांचा खेळ आणि मुक्त खेळ ही दोन टोके आजही कायम असून बहुतेक रचना त्यांच्या अधेमधे असतात. अमेरिकेत न्यूपोर्ट येथील नौदल युद्ध महाविद्यालयाने हा अभ्यास रुजवला. दोन महायुद्धांदरम्यान जपानविरुद्धच्या 'ऑरेंज' योजनेवर तेथे वारंवार डाव मांडले गेले. आरमाराने थेट पश्चिम पॅसिफिकवर झेप घ्यावी ही कल्पना त्यांत टिकेना. वाटेतली बेटे घेत, तळ उभारत पुढे सरकावे लागेल हे अधिकाऱ्यांच्या अंगवळणी पडले. १९५० च्या दशकात रँड संस्थेत हर्बर्ट गोल्डहॅमर व सहकाऱ्यांनी राजकीय-लष्करी खेळ विकसित केले. १९५४ मध्ये चार्ल्स रॉबर्ट्स यांचा 'टॅक्टिक्स' हा खेळ बाजारात आला आणि छंद म्हणून युद्धखेळ रचणाऱ्यांचा वर्ग तयार झाला. व्यावसायिक रचनाकारांनी त्यांच्याकडून बरेच उचलले आहे.

रचना : सुरुवात प्रश्नापासून होते. 'पुढचे युद्ध कसे असेल?' हा प्रश्न खेळायला फार मोठा ठरतो. 'नाकेबंदीच्या पहिल्या आठवड्यात मंत्रिमंडळ कोणता पर्याय आधी सोडून देते?' हा प्रश्न खेळता येतो. मग हा निर्णय प्रत्यक्षात कोण घेते, त्याच्या हाती कोणती माहिती असते, ती किती उशिरा पोचते आणि त्याला विचाराला किती वेळ मिळतो, हे ठरवले जाते. भूमिका, परिस्थितीचा मसुदा, खेळीचा कालावधी आणि निवाड्याची रीत हे सारे या उत्तरांतून उभे राहते. ज्या तपशिलाने निर्णय बदलत नाही तो तपशील गाळायचा, हा रचनाकाराचा मुख्य विवेक होय. कच्चा आराखडा तयार झाल्यावर चाचणीचे डाव होतात आणि नियम दुरुस्त केले जातात. नोंद कोण व कशी ठेवणार, हेही खेळाआधीच ठरवावे लागते.

कमी साधनांत नेमकी रचना कशी होते, याचे उत्तम उदाहरण लिव्हरपूलमधील ब्रिटिश नौदलाचा 'वेस्टर्न ॲप्रोचेस टॅक्टिकल युनिट' हा विभाग. जानेवारी १९४२ मध्ये कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्स यांनी तो उभारला. मोठ्या खोलीच्या फरशीवर चौकटी आखल्या होत्या आणि ताफ्यातील जहाजांची छोटी प्रतिरूपे महिला नौदलातील तरुणी सरकवीत. संरक्षक जहाजांचे कप्तान कडेला कॅनव्हासच्या पडद्यांआड बसत आणि फटीतून दिसेल तेवढाच समुद्र पाहत. जहाजांचा माग पांढऱ्या खडूने काढला जाई, पाणबुडीचा हिरव्या खडूने. हिरवी रेघ फटीतून दिसत नसे. बुडालेल्या जहाजांच्या अहवालांवरून डाव पुन्हा मांडताना लक्षात आले, की जर्मन पाणबुडी मागून ताफ्याच्या आत शिरते आणि जवळून टॉर्पेडो सोडते. त्यावर ताफ्याच्या पिछाडीचा शोध घेणारी 'रास्पबेरी' ही चाल बसवण्यात आली. त्या तरुणींपैकी जीन लेडलॉ आणि जेनेट ओकेल यांचा या कामात मोठा वाटा होता. युद्ध संपेपर्यंत सुमारे ५,००० अधिकारी येथून शिकून गेले. समुद्राचा थोडाच भाग दिसत असताना ताफा पाणबुडीपासून कसा वाचवायचा, हा एकच प्रश्न होता आणि पडद्याची फट त्या प्रश्नासाठीच ठेवलेली होती.

मूल्यमापन : भाकीत खरे ठरले की नाही, या कसोटीवर युद्धखेळ जोखणे चुकीचे आहे. तपासायच्या गोष्टी साधारण चार : खेळ प्रश्नाला धरून होता का, खेळाडू त्या भूमिकेला साजेसे होते का, निवाड्यामागची कारणे नोंदवली गेली का, आणि निष्कर्ष नोंदींतून निघतात की आयोजकाच्या इच्छेतून.

मे १९४२ मध्ये 'यामातो' या युद्धनौकेवर जपानी आरमाराने मिडवेच्या मोहिमेचा डाव मांडला. शत्रूच्या विमानांच्या नऊ माऱ्यांनी 'अकागी' व 'कागा' या विमानवाहू नौका बुडाल्या, असा निवाडा पंचांनी दिला. आरमाराचे चीफ ऑफ स्टाफ उगाकी यांनी मारे तीनवर आणले आणि 'अकागी' वाचवली. 'कागा'ही पुढच्या टप्प्यात पुन्हा पटावर आली. महिन्याभरात प्रत्यक्ष लढाईत जपानच्या चार विमानवाहू नौका बुडाल्या, त्यामुळे उगाकींचा हा हस्तक्षेप कुप्रसिद्ध झाला. पण खेळातला हल्ला मिडवे बेटावरील विमानांचा होता, आणि खऱ्या लढाईत तेथून आलेल्या विमानांचा एकही बॉम्ब त्या नौकांवर लागला नाही. त्या बुडाल्या अमेरिकी विमानवाहू नौकांवरील विमानांच्या माऱ्याने. म्हणजे दान बदलणे अगदीच निराधार नव्हते. आपली विमाने बेटावर गुंतलेली असताना बाजूने हल्ला झाला तर काय, या खेळाने पुढे केलेल्या प्रश्नाचे गांभीर्याने उत्तर शोधले गेले नाही. दोष तेथे आहे.

अमेरिकेच्या 'मिलेनियम चॅलेंज २००२' या सुमारे २५ कोटी डॉलर खर्चाच्या उपक्रमात निवृत्त लेफ्टनंट जनरल पॉल व्हॅन रायपर लाल म्हणजे शत्रूच्या बाजूचे सेनापती होते. रेडिओ टाळून त्यांनी मोटारसायकलस्वारांकरवी निरोप धाडले आणि क्षेपणास्त्रे व लहान बोटींच्या झुंडी सोडून निळ्या म्हणजे अमेरिकी बाजूची १६ जहाजे बुडवली. आयोजकांनी ती पुन्हा तरंगवली आणि पुढे लाल बाजूवर बंधने घातली. व्हॅन रायपर यांनी आपली भूमिका सोडली. हजारो सैनिकांचा सराव पहिल्याच फेरीत थांबू नये म्हणून जहाजे परत आणणे समजण्यासारखे आहे. मात्र त्यानंतरच्या निकालाला नव्या युद्धतंत्राची सिद्धता म्हणता येत नाही. उलट १९६४ च्या 'सिग्मा' खेळांत उत्तर व्हिएतनाम बॉम्बवर्षावाने नमणार नाही असे दिसले होते, तरी अमेरिकेचे धोरण बदलले नाही. चांगला खेळही न ऐकणाऱ्यापुढे व्यर्थ ठरतो.

एक डाव म्हणजे एक शक्यता. म्हणून वॉशिंग्टनच्या 'सीएसआयएस' या संस्थेने तैवानवरील चिनी आक्रमणाचा डाव गृहीतके बदलत २४ वेळा खेळवून जानेवारी २०२३ मध्ये अहवाल दिला. बहुतेक डावांत आक्रमण फसले, पण सर्वच बाजूंची जबर हानी झाली. निष्कर्ष कोणत्या गृहीतकावर टेकला आहे, हे अशा पुनरावृत्तीतूनच कळते.

शिक्षण : आधी खेळावे, मग पंच व्हावे, नंतर उपलब्ध खेळातील एखादा नियम बदलून परिणाम पाहावा आणि शेवटी स्वतःचा खेळ रचावा, हा क्रम सोयीचा ठरतो. लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये फिलिप सेबिन विद्यार्थ्यांकडून इतिहासातील एखाद्या संघर्षावर स्वतःचा खेळ तयार करून घेत; त्यांचे 'सिम्युलेटिंग वॉर' २०१२ मध्ये निघाले. पीटर पर्ला यांचे 'द आर्ट ऑफ वॉरगेमिंग' (१९९०) हे पायाभूत पुस्तक मानले जाते, तर ब्रिटनच्या संरक्षण मंत्रालयाने २०१७ मध्ये हस्तपुस्तिका प्रसिद्ध केली. नवशिक्यांसाठी मॅट्रिक्स खेळ सोपा : खेळाडू आपली कृती व ती यशस्वी होण्याची कारणे मांडतो, इतर जण हरकती घेतात, मग पंच निवाडा देतो.

भारतात सेनेच्या प्रशिक्षण कमांडने गांधीनगरच्या राष्ट्रीय रक्षा विद्यापीठाशी मे २०२२ मध्ये नवी दिल्लीतील युद्धखेळ केंद्रासाठी करार केला. नौदलाच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना शिक्षण देणारे महाविद्यालय १९८८ मध्ये मुंबई परिसरातील आयएनएस करंजा येथे सुरू झाले, २०११ मध्ये गोव्याला हलले आणि मार्च २०२४ मध्ये तेथे त्याच्या 'चोल' या नव्या इमारतीचे उद्घाटन झाले. मात्र व्यूहात्मक निर्णय एकट्या गणवेशधाऱ्यांचे नसतात. मुत्सद्दी, अर्थतज्ज्ञ व प्रशासक यांना पटाभोवती जागा नसेल, तर असा खेळ व्यूहात्मक म्हणवून घेण्यास पात्र ठरत नाही.